साठ रुपयांचा नारळ

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीचा शनिवार होता. गोव्यातल्या फोंड्याच्या बुधवारपेठेत पाय ठेवायला जागा नव्हती. सुपारीचे शिपटे, तोरिंगं, कवंडळं, आंबाडे, केळ्यांचे घड, सगळं माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या चौकटीचं, सामान रस्त्यापर्यंत आलेलं, आणि पावसाची झिमझिम काही थांबत नव्हती. कोपऱ्यावर एक बाई नारळ घेऊन बसली होती. डावीकडे मोठे, उजवीकडे लहान, वर निळी ताडपत्री सुंभाने ताणून बांधलेली.

"नाल्ल कसो?" मी विचारलं.

"व्हडलो साठ, ल्हान पन्नास."

आमच्या घरी चवथीला पंचवीस नारळ लागतात. नेवऱ्या, पातोळ्या, खतखतं, पुढ्यात ठेवायचे वेगळे, देवळात न्यायचे वेगळे. साठ गुणिले पंचवीस, दीड हजार. गोवा सरकारच्या गृह आधार योजनेतून घरातल्या बाईला महिन्याला जेवढे मिळतात, तेवढे सगळे नुसत्या नारळांत. मला ती योजना लागू नाही, पण आमच्या वाड्यावरच्या निम्म्या बायकांना आहे, म्हणून तो आकडा डोक्यात पटकन आला. २०१२ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा वाढत्या किमतींना गृहिणींना आधार हाच तिचा उद्देश सांगितला होता. तेव्हा हजार रुपये होते, पुढे दीड हजार झाले आणि काही वर्षं तिथेच आहेत.

मी मोबाईल काढला, ढिगाचा फोटो घेतला आणि तिथेच उभ्या उभ्या दोन ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "साठ रुपये एक नारळ. चवथ करायची कशी?" मग दहा मोठे आणि पंधरा लहान घेतले आणि माशेलची बस पकडली.

घरी पोचेपर्यंत फोन वाजून वाजून गरम झाला होता. कुणी रडणारे चेहरे पाठवलेले, कुणी हात जोडलेले. कुणी लिहिलं, म्हापशाला पासष्ट. कुणी, डिचोलीला पंचावन्नला मिळाला. आमच्याच वाड्यावरच्या एका गृहस्थांनी बसून हिशेब मांडला होता, त्यांच्या लग्नाच्या वर्षी नारळ अडीच रुपयांना होता म्हणून. हळूहळू बोलण्याची दिशा बदलली. "चवथ बघून भाव लावतात." "लुटायला बसलेत नुसते." "ह्यांच्याकडून घेऊच नका, दोन दिवसांत खाली येतील." एकाने आवाजात निरोप पाठवला, दीड मिनिटाचा, त्यात तो खरोखरच रागावलेला होता. दुपारपर्यंत माझा फोटो माझ्या मावसबहिणीच्या ग्रुपवरून मलाच परत आला, खाली माझं वाक्य नव्हतं, फक्त एक शब्द होता, "लूट".

खरं सांगते, ते वाचताना मला बरं वाटत होतं. पगार कमी पडतो हे आपण कुणाला सांगत नाही. मुलाची फी भरायला सोनं गहाण ठेवलं, हे बहिणीलाही सांगत नाही. पण नारळ साठला झाला, हे सगळ्या गावाला सांगता येतं, त्यात लाज नाही. शेजारी, साहेब, शिपाई, भटजी, सगळे एका ओळीत येतात. महागाईबद्दल बोलणं म्हणजे आपल्या घरातल्या ओढाताणीबद्दल आपलं घर न उघडता बोलणं. त्या दिवशी ग्रुपवर जे चाललं होतं ते मला तसंच वाटतं, आजही. माणसं भाव लिहीत होती आणि स्वतःबद्दल सांगत होती. त्या गृहस्थांनी लग्नाच्या वर्षीचा नारळाचा भाव का लक्षात ठेवला असेल? त्यांची बायको जाऊन तीन वर्षं झाली.

आमच्या सासूबाईंचं वय चौऱ्याऐंशी. त्या ग्रुपवर नाहीत, पण मी वाचून दाखवते तेव्हा ऐकतात. त्यांची महागाई १९५५ ची आहे. भारताने गोव्याची नाकेबंदी केली, पलीकडून येणारा माल थांबला, आणि पोर्तुगीज सरकारने बोटीने बटाटे हॉलंडहून, तांदूळ पाकिस्तानातून, चहा सिलोनहून आणायला सुरुवात केली. सासूबाई तेव्हा चौदा वर्षांच्या. हॉलंडचा बटाटा हा मोठा, पिवळा, आणि भाजीला चवच नाही, असं त्या अजून तोंड वाकडं करून सांगतात. भाव किती होता ते त्यांना आठवत नाही. भाव हा त्या काळी बाप्यांचा विषय, बायकांच्या हाती मोजून मापून यायचं ते सामान. त्यांना आठवतं ते पुरुमेंत. मे महिन्यात सुके बांगडे, सुकी सुंगटं, मिरच्या, सोलं, मीठ, कांद्यांच्या माळा, सगळं भरून माळ्यावर ठेवायचं, की पावसाळाभर बाजाराचं तोंड बघायला नको. "माळ्यावर आसा ताका भाव ना," त्या म्हणतात. माळ्यावर जे आहे त्याला भाव नाही.

आता माळा आहे, पण भरत नाही कोणी. भाजी आमची बेळगावहून येते, चोर्ला घाटातून. घाटात दरड आली, रस्ता बंद झाला की दुसऱ्या दिवशी कोथिंबिरीची जुडी दुप्पट. फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर सवलतीत मिळते म्हणून सकाळी रांग लागते, आणि माझ्यासारखी नोकरीवरून संध्याकाळी येणारी बाई पोचते तेव्हा गाड्यावर दुधी आणि पिवळी पडलेली मेथी उरते. जून-जुलैत ट्रॉलर बंद असतात, एकसष्ट दिवस, तेव्हा बाहेरच्या राज्यांतली मासळी आणि तिचा बाहेरचा भाव. मासळीबाजारात तर भाव वाढतोच असंही नाही, वांटो लहान होतो. शंभराच्या वाट्यात पाच बांगडे असायचे, मग चार झाले, मग चार राहिले पण बारके. पोदेराचा, पाववाल्याचा, पाव चारचा पाच झाला तेव्हा वाड्यावर आठ दिवस चर्चा होती. त्याआधी दोन वर्षं तो हातात हलका लागत होता, तेव्हा कुणी काही बोललं नाही. पाचचा आकडा ऐकू येतो. हलकेपणा हाताला कळतो, तोंडापर्यंत येत नाही.

चवथ झाली. नारळ पुरले, कारण पुरवले. सासूबाईंनी आदोळीवर, म्हणजे खोवणीच्या विळीवर, बसून सोय काढली, नारळ खोवला, आणि रोस, नारळाचं दूध, तीनदा काढला. पहिला दाट, दुसरा पांढरा, तिसरा जवळजवळ पाणीच. पूर्वी तिसरा रोस काढून झाल्यावर चोथा गाईला जायचा. या वेळी त्यांनी तो तव्यावर परतून चटणीत घातला. वाटीचंही तसंच. डोळ्यांची वाटी लवकर खराब होते म्हणून ती आधी संपवायची, दुसरी उपडी घालून झाकून ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशीच्या कडीला, कालवणाला, तेवढीच. अख्खा नारळ एका कडीला फोडणाऱ्या घरात हे घडत होतं. मला वाईट वाटत होतं आणि राग येत होता, आणि तो राग कुणावर काढायचा याचं उत्तर माझ्या फोनमध्ये तयार होतं, निळ्या ताडपत्रीखाली बसलेलं.

सप्टेंबरात मी परत बुधवारपेठेत गेले. ती तिथेच होती. मी भाव विचारला. तिने माझ्याकडे नीट बघितलं, आणि भाव न सांगता म्हणाली, "नाल्लाचो फोटो काडपाचो गो बाये, म्हजो कित्याक काडलो?"

मला आधी कळलंच नाही. मग आठवलं. फोटोत ढिगाच्या मागे ती होती. अर्धा चेहरा, डोक्यावरचा पदर, नारळावर ठेवलेला हात. मी ढिगाचा फोटो काढला असं मला वाटत होतं. तिच्या मुलीने तो कॉलेजात कुणाच्या तरी मोबाईलवर बघितला, "लूट" या शब्दासकट. मुलगी घरी येऊन रडली. आई, तू उद्यापासून तिथे बसू नको, म्हणाली. दिवस होते चवथीचे. ती बसली.

मी माफी मागितली. ती काही बोलली नाही, एक नारळ उचलून त्याची शेंडी साफ करत राहिली. मग तिनेच हिशेब सांगायला सुरुवात केली, मी न विचारता, जणू माझ्याशी नाही, त्या सगळ्या ग्रुपशी बोलत होती. चवथीच्या आठवड्यात मोठा नारळ तिला व्यापाऱ्याकडून पन्नासला पडला. शंभर नारळ, ५,००० रुपये, रोख. शंभरात पाच-सहा कुजके निघतात, ते गिऱ्हाईक घरी फोडून परत आणतं आणि बदली मागतं, आणि ती देते. राहिले चौऱ्याण्णव. सगळे साठाने गेले तर ५,६४०. त्यातून टेम्पोचं भाडं, सोपो म्हणजे बाजाराचा कर, दुपारचा चहा-पाव. आणि सगळे साठाने जात नाहीत. गणपती बसल्यावर दुसऱ्या दिवशी उरलेले पंचेचाळीसला काढावे लागतात. "तुमी म्हणटात लूट," एवढं म्हणून तिने तो साफ केलेला नारळ माझ्या पिशवीत टाकला.

मी घरी येताना बसमध्ये बसून तो फोटो ग्रुपवरून काढून टाकायला गेले. माझ्या ग्रुपवरून "सगळ्यांसाठी काढा" हा पर्यायच दिसेना, मुदत होऊन गेली होती.

या गोष्टीने मला जे शिकवलं ते एका दिवसात नाही शिकवलं. ऑक्टोबरात महागाई भत्त्याची बातमी आली. मी सरकारी कारकून. जानेवारीत एकदा आणि जुलैत एकदा, वर्षातून दोन वेळा, भत्ता वाढतो. कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाची बारा महिन्यांची सरासरी काढतात आणि त्यावरून टक्के ठरतात. केंद्राचा दर १ जुलै २०२५ पासून ५८ टक्के झाला, आणि आमचं राज्य सरकार त्याच वाटेने जातं. ऑफिसात त्या दिवशी कुणीतरी पेढे आणले. मी थकबाकीचा हिशेब कागदावर करत होते आणि हात थांबला. मला महागाईबद्दल भत्ता मिळतो. तो मागायला मी कुणाच्या दारात जात नाही, कुणी माझा फोटो काढत नाही, कुणी त्याला लूट म्हणत नाही. नारळवालीलाही तीच महागाई आहे, तोच गॅस, तोच तांदूळ, मुलीचा तोच बसपास. तिचा भत्ता कोण देणार? तिला तो स्वतःच लावून घ्यावा लागतो, नारळामागे पाच रुपये, आणि तोंडाने माझ्यासमोर उच्चारावा लागतो. साठ. तो शब्द उच्चारला की मी भुवया उंचावणार, हे तिला माहीत असतं.

आणि ज्यांना शब्द उच्चारावा लागत नाही त्यांचं काय? दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांना एका खासगी इस्पितळात ठेवलं होतं, चार रात्री. निघताना बिल आलं, त्यात हातमोज्यांचे वेगळे, फाईलचे वेगळे, खोलीचा दर आदल्या वर्षीपेक्षा बराच वर. मी एकेक ओळ वाचली, कार्ड दिलं, आणि काउंटरच्या मुलीला "थँक यू" म्हणाले. फोटो काढायचं मनातही आलं नाही. जुलै २०२४ मध्ये मोठ्या खासगी मोबाईल कंपन्यांनी एकाच आठवड्यात रिचार्ज वाढवले. आमच्या घरात चार फोन आहेत. ग्रुपवर दोन दिवस थोडी कुरकुर झाली आणि मग सगळ्यांनी नवा रिचार्ज मारला, कारण कुरकूर करायलासुद्धा तोच लागतो. पर्वरीला माझी भाची भाड्याने राहते, मालक दरवर्षी भाडं वाढवतो, ती दरवर्षी देते. कुणाशी घासाघीस करणार? इस्पितळात काचेपलीकडे मुलगी असते आणि दर संगणकात असतो. रिचार्जला तर माणूसच नसतो. भाव कमी करा असं म्हणायला समोर एक तोंड लागतं, आणि ते तोंड नेमकं बाजारात जमिनीवर बसलेल्या बाईचं असतं. राग मोठ्या बिलातून येतो आणि निघतो कोथिंबिरीच्या जुडीवर. हे मी दुसऱ्या कुणाबद्दल लिहीत नाही, मी ते केलं आहे.

त्यात आणखी एक गाठ आहे, ती मी ग्रुपवर कधी सांगितली नाही. माझं माहेर प्रियोळचं. भाऊ तिथलं कुळागर बघतो. सुपारी मुख्य, पण कडेने नारळाची झाडं आहेत. नारळ दहा-बारा रुपयांना जात होता ती वर्षं मला आठवतात. पाडेली, म्हणजे झाडावर चढून नारळ पाडणारा, मिळायचा नाही, मिळाला तर झाडामागे जे मागायचा ते नारळांतून निघायचं नाही. भाऊ नारळ पडतील तेव्हा पडू द्यायचा, पावसात ते गवतात कुजायचे, त्यांना कोंब यायचे. कुणी फोटो काढला नाही. नारळ बारा रुपये, बागायतदाराने जगायचं कसं, असं कुणी लिहिलं नाही, मीसुद्धा नाही, बहीण असून. त्यानंतर पांढरी माशी आली. २०१६ मध्ये तामिळनाडूत पोल्लाचीला ती देशात पहिल्यांदा दिसली आणि काही वर्षांत आमच्याकडे पोचली. झावळीच्या खालच्या बाजूला पांढरं पीठ, आणि खालच्या पानांवर काजळी. माकडांचा उपद्रव तर वेगळाच, कोवळे नारळ पोखरून पाणी पितात आणि टाकून देतात. जुनी झाडं थकली, नवी लावायला कुणी धजेना, बाजूच्या दोन बागा विकल्या गेल्या आणि तिथे आता गेट आहे. नारळ कमी, मागणी तेवढीच, शहाळ्याला आणि तेलाला तर वाढलेली. एवढ्या सगळ्यातून तो साठ आला होता. भाऊ चवथीला म्हणाला, कितीतरी वर्षांनी नारळाने पाडेल्याचे पैसे काढून वर काही ठेवलं. तो त्याच ग्रुपवर आहे. माझ्या फोटोखाली शेकड्याने निरोप आले, त्याचा एकही नव्हता.

नोव्हेंबरात आकडे आले. ऑक्टोबर २०२५ चा किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्के, २०१२ हे वर्ष पाया धरून तेव्हा जी मोजणी चालू होती तिच्यातला सगळ्यात कमी. कुणीतरी ती बातमी ग्रुपवर टाकली आणि पाच मिनिटांत लोक तुटून पडले. खोटं. कुठल्या दुकानात जातात हे. आम्हाला पण पत्ता द्या. मी त्या दिवशी पहिल्यांदा शांतपणे एक निरोप टाईप केला. दर शून्याजवळ आला म्हणजे भाव खाली आले असं नाही, गेल्या ऑक्टोबरला जे होते त्याच्या आसपासच थांबले एवढाच त्याचा अर्थ. गेल्या वर्षी भाज्या फार चढल्या होत्या, त्यांच्याशी तुलना केली की यंदा दर खाली दिसतो. त्या मोजणीत खाण्यापिण्याच्या वस्तूंचा वाटा ४५.८६ टक्के होता, पण तो सगळ्या देशाचा मिळून, आणि देशाच्या ताटात नारळ कोपऱ्यात असतो. आमच्या ताटात तो मधोमध. कांदा-टोमॅटो उतरले हे खरं, आणि नारळ चढला हेही खरं.

निरोप लांब झाला होता. दोघांनी अंगठा दिला. एकाने लिहिलं, "तुम्ही सरकारी, तुम्ही असंच बोलणार." मला ते लागलं, पण तो अगदीच चुकीचा होता असंही म्हणवत नाही. रिझर्व्ह बँक २००५ पासून शहरांतल्या घरांना विचारत आली आहे, तुम्हाला महागाई किती वाटते? लोक सांगतात तो आकडा बहुतेक वेळा सरकारी आकड्याच्या वरच राहतो. मला त्यात लोकांचं अज्ञान दिसत नाही. माणूस रोज विकत घेतो ते त्याला आठवतं. फ्रिज पाच वर्षांत स्वस्त झाला असेल, पण फ्रिज घ्यायला आपण दर बुधवारी जात नाही. दुखतं ते बारा महिन्यांच्या तुलनेत मावत नाही; दहा वर्षांत नारळ कुठून कुठे आला आणि पगार कुठून कुठे, अशी ती तुलना असते. ती करायला लोकांना पूर्ण हक्क आहे. माझा वाद फक्त एवढाच आहे की त्या दुखण्याचा हिशेब कुणाच्या नावावर मांडायचा.

स्वस्ताईला नाव असतं, हे मी बघितलंय. २०१२ मध्ये मनोहर पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढून टाकला, लिटरमागे सुमारे ११ रुपये उतरले. आजही पेट्रोलचा विषय निघाला की आमच्या ऑफिसात कुणीतरी ते नाव घेतंच. नंतर तो कर पायरी-पायरीने परत चढला, पण कोणत्या पायरीला कुणाची सही होती, ते कुणालाच सांगता येत नाही. चढणाऱ्या भावाला नाव नसतं, म्हणून मग जवळ दिसेल त्याचं नाव लागतं.

२०२४ च्या अखेरीस तर आमच्या गोव्याच्याच महागाईवर देशभर समाजमाध्यमांवर लोक तावातावाने लिहीत होते. टॅक्सी महाग, हॉटेल महाग, त्यापेक्षा थायलंड-व्हिएतनाम बरं. त्यातल्या काही तक्रारी रास्त होत्या. मी ते वाचत होते आणि मला आमच्या मासळीबाजारातली इसवण, म्हणजे सुरमई, दिसत होती, जी सकाळीच हॉटेलच्या टेम्पोत चढते आणि आमच्यापर्यंत पोचतच नाही. पाहुण्याला गोवा महाग वाटतो, आम्हालाही वाटतो, आणि दोघेही ज्या टॅक्सीवाल्याला, ज्या मासे विकणारीला शिव्या देतात, त्यांचं घरभाडंही वाढलेलंच असतं.

माझी आत्या गिरगावात राहायची. १९७२-७३ च्या त्या टंचाईच्या वर्षांत मुंबईत महागाईविरुद्ध बायकांची संयुक्त समिती झाली, मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर पुढे होत्या, आणि बायका लाटणी घेऊन, थाळ्या वाजवत रस्त्यावर आल्या. आत्या त्या मोर्चात होती. तिचं लाटणं आमच्याकडे आहे, एका टोकाला चेपलेलं. थाळी वाजवून वाजवून चेपलं, असं ती सांगायची. मी तिला लहानपणी विचारलं होतं, तुम्ही वाण्याच्या दुकानावर गेला होता का? ती म्हणाली, "वाण्याकडे कशाला? वाणी तर आमच्याच चाळीत राहायचा. आम्ही मंत्र्यांच्या दारात गेलो." तेल, रवा, साखर यांसाठी त्या गेल्या आणि कुणाकडे मागायचं हे त्यांना ठाऊक होतं. मला आत्याची आठवण फार आली, ते "लूट" असं लिहिलेलं बघितल्यावर. आमच्या हातात आता लाटण्याहून मोठा आवाज करणारी वस्तू आहे. घाटरस्ता वेळेवर का दुरुस्त होत नाही, महामंडळाचा गाडा संध्याकाळी का रिकामा असतो, पांढऱ्या माशीवर बागायतदाराला कुणी काय मदत केली, गृह आधारचे दीड हजार दीडच का, हे सगळं त्यावर विचारता येतं. आम्ही बाईचा फोटो काढतो.

डिसेंबरात तो फोटो परत आला. तिसऱ्याच एका ग्रुपवर, खाली नवीन मजकूर: "नाताळाचे टुरिस्ट बघून नारळ शंभराला!" तोच ढीग, तीच निळी ताडपत्री, तोच अर्धा चेहरा. मी खाली लिहिलं, हा फोटो माझा आहे, ऑगस्टमधला आहे, भाव साठ होता, आणि या बाईला तो नारळ पन्नासला पडला होता. कृपा करून पुढे पाठवू नका.

बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग एकीने लिहिलं, "पण महाग आहेच ना?"

"आहेच," मी लिहिलं.

त्या बुधवारी मी तिच्याकडून दोन नारळ घेतले. तिने एकेक कानाशी धरून हलवला, एक बाजूला ठेवला, दुसरा दिला. पंचावन्न म्हणाली. मी दिले. तिची मुलगी शेजारी पुस्तक घेऊन बसली होती, तिने मान वर केली नाही.

घरी सासूबाईंनी विचारलं, "कितल्याक हाडलो?" मी सांगितलं. त्यांनी कोयत्याच्या पाठीने दोन घाव घातले, पाणी पेल्यात धरलं, वास घेतला आणि पेला माझ्या हातात दिला.

"गोड आसा," त्या म्हणाल्या, आणि डोळ्यांची वाटी आधी पुढे घेतली.